दोन हॉर्न, अर्धा ब्रेक

समोर कुणी नव्हतं. वळण चांगलं ऐसपैस होतं, पलीकडचा रस्ता लांबवर रिकामा दिसत होता, आणि तरीही ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि हॉर्न दोनदा वाजवला. दोन छोटे हॉर्न, लागोपाठ. दारावर टकटक करून ‘आहात का घरात’ विचारणाऱ्या शेजारणीसारखे. मग ब्रेक, तोही पुरता नाही, अर्धा. गाडी क्षणभर श्वास धरल्यासारखी थबकली आणि वळली. मी मागच्या सीटवर मोबाइल बघत बसले होते, म्हणजे तसं बघत काहीच नव्हते, दिवसभर छापायला जाणारी पानं तपासून डोळ्यांत नुसती अक्षरांची राख उरली होती, आणि माझ्याआधी माझा उजवा पाय जागा झाला. पुढच्या सीटखाली तो घट्ट दाबून बसला होता. बुटाच्या टोकाशी रबराची चटई गोळा झाली होती. मी त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा पाय चुकून माझ्याकडे राहून गेल्यासारखं. या शहरात इतकी वर्षं काढली, पण इथं हॉर्न वाजवतात तो रागानं, नाहीतर कंटाळ्यानं. असा विचारून कुणी वाजवत नाही.

“कुठले तुम्ही?” मी विचारलं.

त्यानं आधी राज्याचं नाव सांगितलं. मग, मॅडमना काय माहीत असणार, अशा सुरात गावाचं. ते माझं गाव होतं. तसं आमचं राज्यच एवढंसं आहे की नकाशात त्याचं नाव आत लिहिता येत नाही. शेजारच्या मोठ्या राज्याच्या अंगावर नाव लिहितात आणि तिथून एक बारीक रेघ ओढून आमच्याकडे बोट दाखवतात. बाबा म्हणायचे, ज्या राज्यात त्याचं स्वतःचं नाव मावत नाही तिथं माणसानं कितीसं मावायचं. त्या राज्यातलं ते गाव, आणि त्या गावातला हा माणूस, मानेवर बारीक केस कापलेला, कानामागे जुना व्रण असलेला, मला बसस्टँडवर घेऊन चालला होता. तिथं संध्याकाळच्या बसनं बाबा येणार होते.

“कसं आहे गाव?” मी विचारलं. असं विचारताना आवाज परका ठेवणं मला चांगलं जमतं.

“काय असणार मॅडम. बोअर. दिवे लागले की दुकानं बंद. बाजारातून एक चक्कर मारली की गाव संपलं. दुसरी मारली तर लोक विचारतात, काय हरवलं का?”

“मग इथं मजा आहे?”

“इथं कुठली मजा, इथं ट्रॅफिक आहे.” तो हसला. “पण ट्रॅफिकमध्ये बसलं की निदान वाटतं, कुठंतरी चाललोय.”

मीही तिथलीच, असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. आमच्या गावात कुणी नाव विचारत नाही, कुणाची म्हणून विचारतात. मग मला आईचं सांगावं लागलं असतं, आणि त्याला जोडून ते दुसरं वाक्यही. ते वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या जणांना ऐकवलंय की ते आता बोटातल्या जुन्या अंगठीसारखं गुळगुळीत झालंय, फिरतं पण निघत नाही. बँकेत, पोस्टात, ऑफिसात, आईच्या मोबाइलवर सवयीनं फोन करणाऱ्या अनोळखी लोकांना. प्रत्येक जण ‘अरेरे’ म्हणतो, आणि मग मीच त्याची समजूत घालते. दमायला होतं. रडण्यानं कुणी दमत नाही इतकं या समजुती घालण्यानं दमायला होतं.

पण पायानं ऐकलं नाही. “गाडी कुठं शिकलात?” असं मी विचारून बसले.

“तिथंच. एक बाई आहेत आमच्या गावात. सगळं गाव त्यांच्याकडेच शिकतं.” त्यानं आरशातून मागे पाहिलं. “वरात असो की मयत, गावात जी गाडी चालते तिच्या मागे बाई आहेत. आता वय झालं असेल त्यांचं. एकदा ही गाडी घेऊन जाणार आहे, त्यांना बसवून दाखवायला.”

आहेत, म्हणाला तो. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कपड्यांची दुकानं सरकत होती, काचांमागे मान नसलेले पुतळे स्वेटर घालून उभे होते. वाटलं, या गाडीत आई अजून आहे. रस्ता कितीही तुंबला तरी चालेल. मी काही बोलले नाही तर बसस्टँड येईपर्यंत तरी ती राहील.

दुपारीच मी एका लेखाची पानं तपासली होती. आमच्या साप्ताहिकाच्या पुरवणीतला लेख, मथळा ‘छोट्या गावात राहणं: मजा की सजा?’ लिहिणारे गृहस्थ अशा कुठल्याशा गावात सुट्टीत राहून आले होते आणि त्यांना तिथं सगळं निवांत वाटलं होतं. निवांत सकाळ, निवांत रस्ते, निवांत चेहरे. मी दर दुसरा ‘निवांत’ कापत गेले. शेवटी लेखच अर्धा झाला. टेबलापलीकडची सहकारी म्हणाली, “तू पण तसल्याच गावातली ना? खरं सांग, लोक करतात काय तिथं दिवसभर?” मी म्हणाले, “गाडी शिकतात.” ती खूप हसली. तिला वाटलं, मी विनोद केला. या शहरात आल्यापासून गावाबद्दल मी जे खरं सांगितलं ते विनोद म्हणून खपलं, आणि जे विनोद केले ते लोकांनी खरे धरले. गावात एकच सिग्नल होता आणि तो कायम पिवळा असायचा, हे खरं होतं. आणि मी तिथून पळून आले ते त्या पिवळ्या दिव्यामुळे, असं मी गमतीनं सांगत आले. थांबायचंही नाही आणि जायचंही नाही, नुसतं बघून राहायचं. सतराव्या वर्षी माणसाला ते मरणासारखं वाटतं. आता इथं दिवसातून कितीतरी वेळा लाल दिव्यापाशी बसून असते आणि वाटतं, पिवळा काय वाईट होता.

आईची गाडी पांढरी होती आणि तिला शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक होता. त्या ब्रेकवर आमचं घर चाललं. आई डाव्या हातानं डबे भरायची, उजव्या हातानं केस बांधायची, तोवर बाहेर शिकाऊ माणूस येऊन उभा असायचा. कधी दुकानदार, कधी शाळेतल्या मास्तरीणबाई, कधी नवऱ्याला न सांगता आलेली कुणी. पहिला धडा कायम एकच: बाबांना ऑफिसला सोडणं. आई म्हणायची, रिकाम्या गाडीत माणूस बेफिकीर चालवतो, मागे कुणाचा तरी नवरा बसलेला बरा. तर मागे बाबा बसायचे. मांडीवर डबा, काखेत नकाशांच्या गुंडाळ्या, चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसाची शांती. शाळेच्या दिवसांत त्यांच्या शेजारी मी. गाडी उड्या मारायची, बंद पडायची, उलटी सरकायची, एकदा तर सरळ भाजीवाल्याच्या टोपल्यांत शिरली. आई म्हणायची, “घाबरू नकोस. टमाटे आपले नाहीत, पण रस्ता आपला आहे.” सगळ्या गावानं आयुष्यात एकदा तरी बाबांना ऑफिसला पोचवलेलं आहे. मागून सतत दिसायची ती माणसांची मान, त्यामुळे बाबा गावातल्या लोकांना मानेवरून ओळखायचे. समोरून आलेल्या माणसाचा नमस्कार ते गोंधळून घ्यायचे आणि तो पुढे गेला की वळून बघून म्हणायचे, “अरे, हा तो गियर खाणारा.” आईनं प्रत्येकाला नाव ठेवलेलं असायचं. गियर खाणारा, आरसा विसरणारी, देवाला सोडलेला. बाबा स्वतः मात्र गाडी शिकले नाहीत. “घरात एकानं तरी प्रवासी असावं,” म्हणायचे.

ते नगररचनेच्या ऑफिसात नकाशे काढायचे. कागदावरचं आमचं गाव फार देखणं होतं. त्यात नदीवर दुसरा पूल होता, गावाबाहेरून जाणारा गोल रस्ता होता, नाट्यगृह होतं, बदामाच्या आकाराचं तळं होतं. दर काही वर्षांनी वरून पत्र यायचं, आराखडा सुधारून पाठवा, की बाबा पुन्हा नवा कागद ताणून बसायचे आणि तळं जरा मोठं करायचे. यातलं काहीच झालं नाही. सुट्टीच्या दिवशी ते मला फिरायला न्यायचे आणि गवत वाढलेल्या एका मोकळ्या जागेत उभे राहून म्हणायचे, “हे तळं.” होणार आहे असं नाही, हे तळं. मी खाली पायाशी पाहायची. गवत असायचं, तुटक्या चपला असायच्या, आणि बाबा काठाकाठानं चालावं तसे वळसा घालून चालायचे. तेव्हा मला वाटायचं ते माझ्यासाठी खेळ करतायत. पुढे मोठी झाल्यावर कळलं की ते दिवसभर त्या दुसऱ्या गावात राहायचे आणि संध्याकाळी या गावात परत यायचे, आणि हे गाव त्यांना रोज नव्यानं अपुरं दिसायचं. त्यांचा कंटाळा साधा नव्हता, मोजमाप घेऊन आखलेला होता. आईला कंटाळा शब्दच कळत नसे. “मला वेळ कुठंय कंटाळायला?” ती म्हणायची. “रोज एक नवा माणूस मला मारायला येतो.”

त्यांच्या सगळ्या आखण्यांतली एकच प्रत्यक्षात उतरली. आमच्या घरासमोरच्या कोपऱ्यावर एका बंद गोदामाची भिंत रस्त्यात पुढे आलेली होती. त्या भिंतीमुळे पलीकडून काय येतंय ते दिसायचं नाही. आई तिथंच प्रत्येकाला शिकवायची: दोन हॉर्न, अर्धा ब्रेक, मग वळायचं. बाबांनी भिंत मागे घेण्याचा प्रस्ताव केला, पुन्हा केला, पुन्हा केला, आणि एक दिवस माणसं येऊन खरोखरच भिंत पाडून गेली. मी तेव्हा शाळेत होते. बाबा त्या संध्याकाळी कोपऱ्यावर उभे होते, हात मागे बांधून, एखाद्या पुलाचं उद्घाटन असावं तसे. दृष्टी जाईल तिथवर रस्ता मोकळा. तेवढ्यात आईची गाडी आली. शिकाऊ माणसानं कोपऱ्यावर गाडी हळू केली, दोन हॉर्न दिले, अर्धा ब्रेक लावला, आणि वळला. मग मागून दुधाची गाडी आली, तिनं तेच केलं. मग डॉक्टर, मग शाळेची बस. सगळं गाव त्या मोकळ्या कोपऱ्यावर येऊन नसलेल्या भिंतीला हॉर्न देऊन वळत होतं. बाहेरगावची माणसं विचारायची, इथं शाळा आहे का, दवाखाना आहे का? पुढे ज्यांनी भिंत कधी पाहिलीही नाही अशी पोरं शिकली, त्यांनीही वाजवले.

“भिंत पाडलीये म्हणावं त्याला,” बाबा मागच्या सीटवरून म्हणायचे. रोज. आई मान न वळवता म्हणायची, “तुमच्या नकाशात पाडली असेल.”

“अगं, प्रत्यक्षात पाडलीये.”

“मग मी शिकवू कुठं? गावात एक कोपरा धड आंधळा होता, तोही तुम्हाला बघवला नाही.”

हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय की त्यात राग कितीसा, खेळ कितीसा, हे मला कधी वेगळं करता आलं नाही. पुस्तकांत लोकांचे संसार वाचून वाचून मला असं वाटायला लागलं होतं की प्रत्येक घरात एक न बोललेलं दुःख असतंच, आणि आमच्या घरातलं हे असणार: बाबांचं एकच झालेलं काम, आणि ते आईनं गावाला कधी दिसूच दिलं नाही. एकदा मी आईला तसं म्हणालेही. ती कणीक मळत होती. म्हणाली, “वेडी आहेस. भिंत पाडल्यापासून तिथं एकही अपघात नाही. अर्धा माझ्यामुळे, अर्धा त्यांच्यामुळे. कुणाचा कुठला अर्धा, ते काढत बसू का आता?” आणि तेवढ्यात खिडकीबाहेर हॉर्न वाजले आणि ती बोटांना लागलेली कणीक तशीच ठेवून म्हणाली, “दुसरा लांबवला.” ती तिची सवय होती. स्वयंपाकघर कोपऱ्याच्या बाजूला होतं. दिवसभर हॉर्न वाजायचे आणि दिवसभर ती आतून शेरे मारायची, ऐकणारं कुणी असो वा नसो. “पहिला खाल्ला.” “केवढी घाई, गाव काय पळून चाललंय?” “हा कोण, झोपेत आहे का?” बाबा पेपर वाचता वाचता विचारायचे, कोण होतं? ती सांगायची. बरोबर वाजले की ती काहीच बोलायची नाही. आतून शब्द आला नाही म्हणजे तो माणूस पास.

“लेफ्टनं घेऊ का मॅडम? पुढे खणलंय.” ड्रायव्हरनं विचारलं. मी म्हणाले, कुठूनही घ्या. गाडी एका अरुंद गल्लीत शिरली. दोन्हीकडे बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, खाली झाकलेल्या दुचाक्या, एका दुकानात टीव्हीपुढे बसलेला म्हातारा. ही गल्ली आमच्या गावातही असू शकली असती. फरक इतकाच की इथं त्या म्हाताऱ्याला कुणाची मान ओळखीची नव्हती.

महिन्याभरापूर्वी बाबांनी फोनवर सांगितलं की त्यांना घर विकायचंय आणि माझ्याकडे यायचंय. एक डॉक्टर घर घ्यायला तयार होते, कोपऱ्यावरची जागा, दवाखान्याला सोयीची. घर आईच्या नावावर, म्हणून माझीही संमती हवी होती. मी म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाले, बघू. मला माझंच कळत नव्हतं. ज्या गावातून मी पळाले, ज्याच्यावर इतकी वर्षं विनोद केले, ते जागच्या जागी राहावं, स्वयंपाकघराची खिडकी कोपऱ्याच्या बाजूला राहावी, असं मला हवं होतं. मी तिथं राहणार नव्हते. वर्षातून एकदा जाणार होते, ते बाहेर उभं राहून बघायला. आणि त्यासाठी कुणीतरी आत राहायला हवं होतं.

“बाबा, तुमचं सगळं आयुष्य तिथं गेलं,” मी म्हणाले होते.

“म्हणूनच. मला इथं करमत नाही.”

“कधीपासून?”

“नोकरीला लागलो तेव्हापासून.”

“मग इतकी वर्षं?”

“तुझ्या आईला करमायचं ना.” मग म्हणाले, “आणि आवाज फार होतो. झोप लागत नाही दुपारची.”

“कसला आवाज?”

“हॉर्नचा. दिवसभर वाजवतात.”

“पूर्वीही वाजवायचेच की.”

“हो. पण हल्ली सगळेच पास होतात.”

मी तेव्हा ऑफिसच्या जिन्यात उभी होते, खालून कुणीतरी लिफ्टसाठी ओरडत होतं, आणि मला ते वाक्य कळलं नाही. वयानं काहीतरी बोलतात असं वाटलं. मी म्हणाले, कानात कापूस घालून झोपा. आज दोन हॉर्न ऐकून माझा पाय दाबला गेला तेव्हा ते वाक्य कुठूनसं वर आलं, आणि गल्लीतल्या त्या म्हाताऱ्याला मागे टाकेपर्यंत मला ते सबंध ऐकू आलं. दुपारचं घर. खिडकीबाहेर दोन हॉर्न. पेपरमधून वर उचललेली मान. आतून काही नाही. पुन्हा दोन हॉर्न. आतून काही नाही.

मी ठरवून आले होते की आज बसस्टँडवरून घरी जातानाच सांगून टाकायचं: घर विकायचं नाही, तुम्ही इथं थोडे दिवस राहा आणि परत जा. चांगली कारणंही जमवली होती. माझं घर लहान, तिसरा मजला, तुमचे मित्र तिथं. आता त्यातलं एकही कारण तोंडावर आणण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि हो म्हणायलाही जीभ उचलत नव्हती.

बसस्टँडवर मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. बाबा फलाटाच्या टोकाशी उभे होते, जिथं बस लागते तिथं नाही, जिथं खरं तर लागायला हवी असं त्यांना वाटलं असेल तिथं. एक बॅग, आणि काखेत नकाशांची एक गुंडाळी. त्यांचा शर्ट नीट होता पण वरचं बटण चुकीच्या काजात. ते लावून द्यायला हात पुढे गेला आणि मी बॅग घेतली.

“गर्दी आहे,” ते म्हणाले. “छान आहे.”

“दमलात का?”

“बसून कोण दमतं. ड्रायव्हर बरा होता. वळणावर मात्र डोळे मिटून.”

“हे काय आणलंत?” मी गुंडाळीकडे पाहिलं.

“गाव,” ते म्हणाले. “त्या डॉक्टरला काय करायचंय त्याचं.”

गाडीत ते सवयीनं मागे बसले, डाव्या बाजूला, बॅग मांडीवर. ती मी डिकीत ठेवते म्हणाले तर म्हणाले, राहू दे, काहीतरी मांडीवर असलं की बरं वाटतं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यानं पाठ ताठ केली, आरसा उगाच जरासा हलवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर परीक्षेला ठेवतात तसे ठेवले, आणि क्लच सोडला. गाडीनं एक सणसणीत उडी मारली आणि बंद पडली. बाबांचं कपाळ पुढच्या सीटला लागता लागता राहिलं. ते त्या मानेकडे, कानामागच्या व्रणाकडे बघत होते.

“उडी ना रे तू?”

“काका!” तो वळला. आता तो ड्रायव्हर वाटत नव्हता, शिकाऊ पोरगा वाटत होता. “तुम्ही इकडं? मी तुम्हाला पोचवायचो! एकदा तुमचा डबा सांडला होता, आठवतं का?”

“शर्टावर. आमटी होती.” बाबा म्हणाले. “अजून उडी मारतोस.”

“नाही हो काका, इतकी वर्षं नाही मारली. तुम्हाला बघून झालं.” मग त्याची नजर माझ्याकडे आली, आणि मघाशी मी विचारलेले सगळे प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून परत आले. “म्हणजे ताई, तुम्ही...” मॅडमची ताई झाली होती मी. “मग बोलला का नाहीत? आणि बाई? बाई नाही आल्या?”

मी तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर होतं, झिजलेलं, तयार. मागे एक बस येऊन उभी राहिली होती आणि रागानं हॉर्न वाजवत होती.

“गाडी काढ आधी,” बाबा म्हणाले. “मागे लोक खोळंबलेत.”

त्यानं गाडी काढली. या वेळी अगदी अलगद. स्टँडच्या दाराबाहेर पडल्यावर बाबांनी खिडकीकडे बघत सांगितलं, “ती गेली रे. थंडीच्या आधी.” एवढंच. उडीनं अरेरे म्हटलं नाही. त्याची मान तेवढी खाली गेली आणि वर आली. त्याची समजूत कुणाला घालावी लागली नाही. तो चालवत राहिला, आणि फार चांगलं चालवत होता. गियर कधी बदलला ते कळत नव्हतं. गल्ली आली, गेली. म्हातारा टीव्हीपुढे तसाच. दिवे लागत होते. एकाएकी मला इतका थकवा आला की वाटलं, सही करून टाकावी, हो म्हणावं, ते घर डॉक्टरचं होऊ दे, खिडकीत औषधांची खोकी येऊ देत. निदान बाबांची दुपार तरी निजेल. कोपऱ्यावर सगळे वाजवत राहतील आणि आत कुणी ऐकणारं नसेल, म्हणजे मग कुणाला काही सहनही करावं लागणार नाही.

“घराचं म्हणाल तर,” मी सुरुवात केली.

बाबांनी हात जरा वर केला. ते पुढे बघत होते. मघाचं ते रुंद वळण आलं होतं, उलट्या बाजूनं. रस्ता रिकामा, दिव्यांच्या उजेडात पार शेवटपर्यंत स्वच्छ. उडीच्या मनात काय होतं कोण जाणे. बाईंची बातमी असेल, किंवा मागे काका बसलेत, रोज भिंत पाडलीये म्हणणारे काका, हे असेल. त्यानं वेग कमी केला नाही. हॉर्नकडे गेलेला त्याचा अंगठा मी पाहिला, आणि तो मागे घेतलेलाही पाहिला.

“हॉर्न,” बाबा म्हणाले.

“काका, इथं तर सगळं मोकळंच...”

“वाजव.”

गाडी थबकली. माझा पाय पुढच्या सीटखाली होता, आणि त्याच्या शेजारी, बॅगेच्या सावलीत, बाबांचा पायही. जुना काळा बूट, टाच उचललेली, चवडा दाबून धरलेला. गाडी कधी न शिकलेल्या माणसाचा पाय. उडीनं हॉर्न वाजवला, एक छोटा, आणि मग दुसरा. पण दुसरा लांबला, रिकाम्या रस्त्यावर लांबवर जात राहिला. फुटपाथवरच्या एका बाईनं वळून पाहिलं, कुणाला बोलावतायत म्हणून.

गाडी वळली. मी वाट बघत होते, कशाची ते मला माहीत होतं आणि तरी ते येईल असं वाटत नव्हतं.

“दुसरा लांबवलास,” बाबा म्हणाले.

“हो काका,” उडी म्हणाला. “पुढच्या वळणाला बघा.”

बाबांनी बॅगेवरचे हात सोडले आणि मागे टेकून बसले. मग आपल्याशीच म्हणावं तसं म्हणाले, “त्या डॉक्टरला कळवायचं राहू दे दोन दिवस. घराचं बघू.” पुढचं वळण अजून लांब होतं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.